ईमॅक्सला अंगभूत फंक्शनची फाइल कशी सापडते?

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये कंट्रोल-एच, मग एफ दाबून ‘कार’ या अंगभूत फंक्शनची माहिती मागवली, की ते ‘सी सोर्स कोड’मध्ये असल्याचं कळतं. फाइलचं नाव दिसत नाही. ‘सी सोर्स कोड’ या दुव्यावर एंटर दाबून माहिती पुन्हा मागवा. आता ‘एसआरसी/डेटा.सी’ असं नेमकं नाव येतं. हा बग वाटतो, पण इथे मुद्दाम वेळ वाचवलेला आहे.

ईमॅक्सचा बराचसा भाग ज्या भाषेत लिहिला आहे, त्या लिस्पमधल्या फंक्शनचं काम सोपं असतं. फाइल लोड होताना ‘लोड-हिस्टरी’ या यादीत नोंद होते, म्हणून ‘नेक्स्ट-लाइन’चा पत्ता ‘सिंपल.ईएल’ असा लगेच मिळतो. ‘कार’ मात्र सी भाषेत ‘डीफन’ या मॅक्रोने, म्हणजे कोडच्या ठरावीक साच्याने, लिहिलेलं आहे. त्याचं वर्णनही तिथेच सीच्या कॉमेंटमध्ये असतं, आणि कॉमेंट तर कंपायलर टाकूनच देतो!

म्हणून सोर्स कोडमधून ईमॅक्स बांधताना (बिल्ड करताना) ‘मेक-डॉकफाइल’ हा छोटा प्रोग्रॅम सगळ्या सी फाइली चाळून ती वर्णनं ‘डॉक’ नावाच्या एका फाइलीत उतरवतो. तिची रचना फार देखणी आहे. प्रत्येक नोंदीआधी ३१ किमतीचा एक बाइट, मग एक अक्षर: फंक्शनला एफ, व्हेरिएबलला व्ही, नवी सोर्स फाइल सुरू झाली की एस. ‘कार’ शोधायचं तर हा बाइट, एफ, नाव आणि ओळीचा शेवट एवढा मजकूर पुढे शोधायचा. सापडला, की तिथून उलटं मागे जात पहिला एस गाठायचा. तिथे ‘डेटा.ओ’ असतं, म्हणजे ‘डेटा.सी’ कंपाइल होऊन बनलेल्या फाइलचं नाव. ‘ओ’च्या जागी ‘सी’, आधी ‘एसआरसी/’, झालं उत्तर. दुसऱ्या प्लॅटफॉर्मच्या फाइलींतल्या नोंदीही ‘डॉक’मध्ये असू शकतात, म्हणून सापडलेली फाइल ‘बिल्ड-फाइल्स’ या, हा ईमॅक्स बांधताना वापरलेल्या फाइलींच्या यादीत आहे का हेही तपासलं जातं.

‘डॉक’ उघडायला लागणारा वेळ ईमॅक्स दुवा दाबेपर्यंत टाळतो. एकदा उघडली, की ती स्पेसने सुरू होणाऱ्या नावाच्या, म्हणून यादीत न दिसणाऱ्या बफरमध्ये (उघडलेला मजकूर ठेवायच्या जागेत) राहते. पुढची उत्तरं त्यामुळे पूर्ण येतात. चॅटबॉटला विचारलं तर तो फाइलचं नाव ठामपणे सांगेल, पण ते अंदाजाने. ‘डॉक’मधली नोंद तुमच्याच ईमॅक्सच्या सोर्समधून आलेली आहे.

‘डॉक’मध्ये ओळ क्रमांक नसतो. फाइल उघडल्यावर ‘डीफन’ आणि अवतरणातलं नाव शोधूनच कर्सर तिथे नेला जातो. तयार पॅकेजबरोबर बहुधा सी सोर्स येत नाही; मग ईमॅक्स डिरेक्टरी विचारतो. सोर्स उतरवून ‘फाइंड-फंक्शन-सी-सोर्स-डिरेक्टरी’ला त्यातल्या ‘एसआरसी’चा पत्ता द्या. आवृत्ती मात्र हुबेहूब तीच हवी. वेगळी असली तरी शोध बहुतेक वेळा यशस्वी होतो, पण समोर दिसणारा कोड तुमच्या ईमॅक्समध्ये प्रत्यक्ष चालतो तोच असेल असं नाही.