सुती बोल्ट, जे हूक आणि गिट्टी: घरगुती दुरुस्तीमागची पार्श्वभूमी

विदर्भातल्या जुन्या मातीच्या घरांत लोखंड फार कमी सापडतं. सागाच्या चौकटी खाच आणि कुसू जुळवून, आरपार लाकडी खुंटी ठोकून बसवलेल्या असतात. कवेलू (मातीची कौलं) तर नुसते वजनावर राहतात. माकडांनी विस्कटले की पावसाआधी फेरायचे. खिळे लागत ते दाराला आणि बंडीला (बैलगाडीला). लोहाराने भात्यावर घडवलेला तो चौकोनी, निमुळता खिळा पाचरीसारखा घट्ट बसे. पुढे कारखान्यातला तारेचा गोल खिळा आला, स्वस्त पडला. वाळल्या बाभळीत मात्र तो थेट ठोकला की वाकतो, नाहीतर फळी चिरते. आधी जरा बारीक भोक पाडलेलं बरं. 8 नंबरच्या स्क्रूला 3 मिलिमीटरचं पुरतं.

खरा घोळ नट-बोल्टचा. अभियंता जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये इंग्लंडात इंची आट्यांचं माप ठरवलं आणि तेच आपल्याकडे आलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 1956 च्या वजनमाप कायद्यानंतर मेट्रिक माप रुजलं, तरी वाढई (सुतार) आणि वेल्डर अजून ‘दोन सुती’च मागतात. दोन सुती बोल्ट 6.35 मिलिमीटरचा, त्याचे आटे 1.27 मिलिमीटर अंतरावर. सहा एमएमच्या बोल्टचे 1 मिलिमीटरवर. दोन सुती नट सहा एमएमच्या बोल्टवर एक-दोन आटे चढतं, मग अडकतं. पान्याने रेटलं की आटे गेलेच. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरलं पाहिजे. जुना बोल्ट सोबत नेऊन दुकानातच फिरवून बघावं.

कवेलूंची जागा टिनाने घेतली तेव्हा वजनाचं काम इंग्रजी ‘जे’ अक्षरासारख्या वाकवलेल्या हुकांवर आलं. दहा फुटी पत्रा 40 अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर लांबतो, आणि मे महिन्यात एवढा फरक रोजचाच. म्हणून 8 मिलिमीटरच्या जे हुकाला 10 मिलिमीटरचं भोक, तेही उंच वळीवर. खोलगट भागात पाडलं तर पाणी तिथूनच उतरतं. खाली डांबरी वायसर, वर लोखंडी. डांबर बाहेर येईस्तोवर आवळलं तर पहिल्याच पावसात गळती ठरलेली.

भिंतीतली गिट्टी, म्हणजे भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारी छोटी नळी, त्या मानाने अलीकडची: लंडनच्या जॉन रॉलिंग्जने 1911 मध्ये तागाच्या धाग्यांची काढली, 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशरने नायलॉनची. स्क्रू आत जाताना ती फुगते आणि विटेला दाबून धरते. मातीची भिंत तो दाब सोसत नाही, भुगा होऊन गिट्टी हातात येते. तिथे फळी लावायची तर आरपार बोल्ट घालावा आणि दोन्हीकडे रुंद पट्टी ठेवून नट आवळावं.