आतड्याच्या पेशीपटलाचा पाचक विकरांपासून बचाव

लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पटल, म्हणजे प्रत्येक पेशीभोवतीचे पातळ आवरण, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते. याच पदार्थांचे तुकडे करणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) सहवासात ते आयुष्यभर राहते आणि तरीही पचून जात नाही. विदर्भातील खेड्यात बोकडाची वजडी रांधली जाते तेव्हा हे कोडे थेट ताटात येते, कारण खाणाऱ्याचे आतडे बोकडाचे आतडे पचवते आणि स्वतः मात्र शाबूत राहते. बोकड कापल्यावर आतडी लगेच उलटी करून धुतात. उन्हाळ्यात तासा-दोन तासांचा उशीर झाला, तर आतले बुळबुळीत अस्तर बोट फिरवताच सुटून येऊ लागते. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७२ मध्ये मृत्यूनंतर जठराची भिंत जठररसानेच पचते, असे दाखवून दिले होते. पटलाचा टिकाऊपणा त्याच्या घटकद्रव्यांइतकाच जिवंत पेशीच्या अखंड कामावर अवलंबून असतो, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.

बचावाची सुरुवात आतड्याबाहेर, स्वादुपिंडात होते. प्रथिने तोडणारी विकरे तेथे निष्क्रिय रूपात तयार होतात. ट्रिप्सिनोजेन आतड्यात पोहोचल्यावर एंटेरोपेप्टिडेज हे विकर त्याचा लहानसा तुकडा छाटते आणि ट्रिप्सिन तयार होते. मग ट्रिप्सिन इतरांना जागे करते. विशेष म्हणजे एंटेरोपेप्टिडेज आतड्याच्या पेशीपटलावरच रोवलेले असते. म्हणजे ज्या पटलाला धोका, त्याच्याच पृष्ठभागावर ती विकरे क्रियाशील होतात, आणि म्हणून केवळ अंतर राखून हा बचाव साधणे शक्य नसते. जठरातून आलेल्या पेप्सिनचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. स्वादुपिंडाच्या रसातील बायकार्बोनेटने आम्ल उदासीन झाले की त्याचे काम थांबते.

पटलावर सर्वांत बाहेर श्लेष्म्याचा थर असतो. चषक पेशींतून स्रवणाऱ्या म्युसिन या प्रथिनावर शर्करेच्या साखळ्या इतक्या दाट असतात, की विकराला मधल्या प्रथिनाच्या कण्यापर्यंत पोहोचायला जागाच उरत नाही. लहान आतड्यात हा थर सैल असतो, कारण पचलेले अन्न त्यातून आत शोषले जायचे असते. त्यामुळे खरा भार त्याखालच्या ग्लायकोकॅलिक्सवर पडतो. पेशीपटलाच्या बोटांसारख्या अतिसूक्ष्म उंचवट्यांवर, म्हणजे सूक्ष्मरसांकुरांवर, ब्रशच्या केसांसारखे उभे असलेले हे आवरण पटलातच रुतलेल्या म्युसिनांचे आणि शर्करायुक्त रेणूंचे असते. लॅक्टेज, सुक्रेज यांसारखी पटलावरची पाचक विकरेही शर्करेने मढलेली आणि घट्ट घडीची असतात. ट्रिप्सिन फक्त लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशीच साखळी तोडते. ती ठिकाणे घडीत किंवा शर्करेखाली दडलेली असतील, तर त्याला तोडण्याजोगे काही सापडत नाही.

स्निग्ध घटकांची तजवीज निराळी आहे. पटलाच्या बाहेरच्या पदरात स्फिंगोलिपिडे या प्रकारचे स्निग्ध रेणू आणि कोलेस्टेरॉल भरपूर असतात. स्निग्ध रेणू तोडणारे फॉस्फोलिपेज ए२ हे विकर ज्या बंधावर घाव घालते, तो बंध स्फिंगोलिपिडांत नसतोच. अशा घट्ट पदरात पित्तक्षारांनाही सहज शिरता येत नाही.

एवढे करूनही झीज होतेच. म्हणून रसांकुरांच्या, म्हणजे अस्तरावरील बोटांसारख्या घड्यांच्या, तळाशी नव्या पेशी सतत जन्मतात, वर सरकतात आणि साधारण तीन ते पाच दिवसांत टोकावरून गळून पडतात. या नूतनीकरणाला रक्तपुरवठा अखंड लागतो. अंतर्गळ (हर्निया) अडकून किंवा आतड्याला पीळ पडून तो तुटला, की रसांकुरांची टोके प्रथम मरतात आणि विकरे भिंतीत शिरू लागतात. काही तासांतच आतडे निकामी होऊ शकते. म्हणून फुगलेले दुखरे पोट आणि सतत उलट्या असलेल्या रुग्णाला घरगुती काढे देत न थांबता तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेलेच पाहिजे.

शर्करेचे आवरण हे रक्षक असले, तरी तेच पकडीची जागाही ठरू शकते. कच्च्या सोयाबीनमधील लेक्टिन हे प्रथिन त्या शर्करेला चिकटून सूक्ष्मरसांकुरांना इजा करते. पुरेशा उष्णतेने ते निष्प्रभ होते.

कापूसपट्ट्यात याच पटलाच्या पराभवावर एक पीकपद्धती उभी आहे. भारतात २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीतील क्राय हे अळीला मारणारे प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात, अळीच्याच विकरांनी छाटले जाऊन क्रियाशील होते, पेशीपटलावरील कॅडहेरिनसारख्या ग्राही प्रथिनांना चिकटते आणि पटलाला छिद्रे पाडते. तेथे विकरे शत्रूलाच धार लावून देतात. माणसाच्या आतड्यात या प्रथिनाला पकड देणारे तसे ग्राही नसतात. मात्र गुलाबी बोंडअळीने विदर्भात २०१७ मध्ये बीटी कपाशीचीही मोठी हानी केली. भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांत कॅडहेरिनच्या जनुकात बदल झालेले आढळले आहेत. ग्राहीचा आकार बिघडला, की विषारी प्रथिनाला पकड मिळत नाही आणि अळीचे पटल शाबूत राहते.