लघवीला जाऊ का, डॉक्टर?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात (आयव्हीएफ) भ्रूण गर्भाशयात सोडून झालं की टेबलावरच्या बाईला बहुतेकदा हाच प्रश्न पडतो. सोनोग्राफीत नीट दिसावं म्हणून पाणी पिऊन पोट तुडुंब झालेलं, आणि मनात धास्ती: उठले आणि पडलं तर?

खुशाल जावं. मूत्राशय वेगळं, गर्भाशय वेगळं. शिवाय गर्भाशय म्हणजे रिकामं मडकं नव्हे, त्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. ओल्या गोधडीच्या घडीत खसखशीचा दाणा अडकावा तसं भ्रूण तिथं बसतं. खरं तर ते खसखशीहूनही बारीक, जेमतेम 0.2 मिलिमीटरचं. तरी नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यातून यवतमाळ-गोंदियाला परतताना मागच्या सीटवर आडवं होऊन, प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखणाऱ्या बायका आहेतच. खड्ड्यानं कंबर दुखेल, भ्रूण हलणार नाही. पलंगावर पडून राहिल्यानं गर्भ राहण्याची शक्यता वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास.

जपायचं ते औषधांचं वेळापत्रक. पाच दिवसांचं भ्रूण साधारण 1 ते 3 दिवसांत कवचातून बाहेर येऊन गर्भाशयाच्या अस्तराला चिकटू लागतं, आणि अस्तर टिकवतं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. गोळ्यांवर अस्तर तयार करून गोठवलेलं भ्रूण सोडलं असेल, तर स्वतःच्या अंडाशयाकडून प्रोजेस्टेरॉन जवळपास मिळतच नाही. सगळी भिस्त औषधावर. म्हणून डाग दिसला तरी मनानं औषध बंद करू नये, दवाखान्यात फोन करावा. छाती जड होणं, पोट फुगणं हेही याच औषधाचे खेळ. त्यावरून निकाल ओळखू जाऊ नये.

नागपूरच्या मे महिन्यात एक घोटाळा हमखास होतो. पारा 45 ला टेकलेला, म्हणून लघवी कमी झाली तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून घरचे पन्हं देतात. पण स्त्रीबीज काढून त्याच चक्रात भ्रूण सोडलं असेल आणि सोबत पोट ताणलंय, वजन झपाट्यानं वाढतंय, धाप लागतेय, तर तो अंडाशय अतिउत्तेजित झाल्याचा धोका असू शकतो. तेव्हा कूलरपुढे बसून राहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

घरच्या गर्भचाचणी किटची घाईही नडते. बीज पक्व करायला दिलेल्या एचसीजी इंजेक्शनचा (किट शोधतं तेच हे संप्रेरक) अंश रक्तात काही दिवस राहतो आणि किटवर खोटी दुसरी रेघ उमटते. सांगितलेल्या तारखेची रक्ताची तपासणीच खरी. ती नकारात्मक आली, तर ‘त्या दिवशी जिना चढले म्हणून’ हा हिशेब मांडू नये. बरेचदा दोष भ्रूणाच्या गुणसूत्रांतच असतो, भ्रूण सोडण्याच्या आधीपासून.