ओलं की कोरडं? मधुमेही मांजराच्या वाटीतला हिशेब

मांजराला मधुमेह निघाला की इन्सुलिनच्या पाठोपाठ घरात खाण्याचा प्रश्न येतो. वर्षानुवर्षं चालत आलेलं ड्राय फूड बंद करून ओल्या अन्नाचे पाऊच सुरू करायचे का? बहुतेक डॉक्टर ‘वेट फूड द्या’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. फक्त त्याचं मुख्य कारण पिष्टात (म्हणजे स्टार्चमध्ये) आहे, पाण्याचा नंबर नंतर लागतो.

मांजर पक्कं मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट फोडणारं अमायलेज नसतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर झटपट उचलणारं ग्लुकोकायनेज हे विकरही त्याच्या यकृतात फारसं काम करत नाही. लागणारं ग्लुकोज ते मुख्यतः प्रथिनांपासून स्वतः बनवतं, पोट भरलेलं असो वा रिकामं. उंदीर-पक्षी मारून जगणाऱ्या मांजराला कर्बोदकांतून, म्हणजे पिष्ट आणि साखरेतून, मिळणारी ऊर्जा साधारण 2 टक्के असते.

मांजराचा मधुमेह बहुतांशी माणसाच्या टाईप 2 सारखा असतो. न्यूटर (नसबंदी) केलेला, वजन वाढलेला, घरातच लोळणारा प्रौढ बोका हा त्याचा नेहमीचा रुग्ण. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर ताण येतो आणि तिथे अमायलॉईड नावाचं चिवट प्रथिन साचत जातं. असं माणसात होतं, कुत्र्यात होत नाही. साखर सतत चढी राहिली तर या पेशी आणखी खचतात. ती लवकर खाली आणली तर मात्र त्या सावरू शकतात, आणि काही मांजरांचं इन्सुलिन चक्क थांबवता येतं. खाण्याबद्दल इतका काथ्याकूट करायचा तो याचसाठी.

आता दाण्यांकडे, म्हणजे ड्राय फूडकडे येऊ. कुरडया करताना गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यातून दाबतात; ड्राय फूडचं यंत्र साधारण तेच करतं, फक्त दाब आणि उष्णता कितीतरी जास्त. दाणा फुलायला आणि धरून राहायला पिष्ट लागतं. म्हणून मका, तांदूळ, गहू, आणि ‘ग्रेन फ्री’ लिहिलेल्या पाकिटात बटाटा किंवा वाटाणा. त्या दोन शब्दांवर भाळून महागडं पाकीट घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पाकिटावर कर्बोदकांचा आकडा सहसा नसतो, पण तो काढता येतो. 100 मधून प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर (पाणी) आणि अ‍ॅश (खनिजं) वजा करा. समजा, दाण्यांत प्रोटीन 32, फॅट 12, फायबर 4, मॉइश्चर 9, अ‍ॅश 8, उरले 35. पाऊचमध्ये प्रोटीन 10, फॅट 5, फायबर 1, मॉइश्चर 80, अ‍ॅश 2, उरले 2. पण 35 आणि 2 यांची थेट तुलना करू नका, कारण पाऊचमध्ये बहुतेक पाणीच आहे. प्रोटीन आणि कर्बोदकांना ग्रॅममागे 3.5 आणि फॅटला 8.5 किलोकॅलरी धरा. दाण्यांतली सुमारे 36 टक्के ऊर्जा कर्बोदकांची निघते, पाऊचमधली सुमारे 8 टक्के. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेही मांजरासाठी ही मर्यादा साधारण 12 टक्के आहे.

पाऊच म्हणजे आपोआप कमी पिष्ट, असंही नाही. ग्रेव्ही दाट करायला गव्हाचं पीठ किंवा स्टार्च घातलेला असतो. पॅटे (pâté), म्हणजे बारीक वाटलेल्या मांसाचा घट्ट प्रकार बहुधा बरा पडतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही मांजरांचे दोन गट केले होते आणि दोन्ही गटांना डब्यातलं ओलंच अन्न दिलं होतं. 16 आठवड्यांनी कमी कर्बोदकांच्या गटातली 68 टक्के मांजरं इन्सुलिनशिवाय राहू शकली, जास्त कर्बोदकं आणि तंतू (फायबर) असलेल्या गटातली 41 टक्के. ओलेपणा दोन्हीकडे होताच.

दाण्यांमुळेच मधुमेह होतो का, यावर मात्र एकमत नाही. नेदरलँड्समधल्या 2009 च्या अभ्यासात दोष घरात कोंडून राहण्याकडे आणि हालचाल नसण्याकडे गेला, दाण्यांकडे नाही. स्वीडनमधल्या 2017 च्या अभ्यासात सडपातळ मांजरांत दाण्यांचा संबंध दिसला. झालेला आजार आटोक्यात आणताना हा वाद बाजूला ठेवलेला बरा.

ओल्या अन्नाचे स्वतःचे फायदे आहेतच. सारखी लघवी करून शरीरातलं पाणी घालवणाऱ्या मांजराच्या पोटात पाणी जातं, आणि तेवढ्याच वजनाच्या अन्नात कॅलरी कमी असल्याने जाड बोक्याचं वजन उतरवणं सोपं होतं.

आणि आता धोका. इन्सुलिनचा डोस जुन्या खाण्यावर बसवलेला असतो. तो तसाच ठेवून कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर कोसळते: मांजर लडखडतं, मलूल पडतं, झटकेही येतात. शुद्धीवर असेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळून तडक दवाखाना गाठायचा. खाणं बदलण्याआधीच डॉक्टरांना सांगा. डोस उतरवावा लागतो आणि साखर वारंवार तपासावी लागते. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेही चढते, त्यामुळे घरी कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेऊन केलेली नोंद जास्त कामाची.

आपल्याकडचं दूध-पोळी खाणं इथे बंद. नुसतं उकडलेलं चिकनही कायमचं पुरत नाही, त्यात कॅल्शियम फार कमी; आणि उकळलेलं पाणी फेकलं तर त्याबरोबर टॉरिन हे मांजराला लागणारं अमिनो आम्लही जातं, ज्याच्या अभावी मांजराचं हृदय कमकुवत होतं. मूत्रपिंड बिघडलेल्या मांजराचं गणित वेगळं, तिथे फॉस्फरस आधी बघतात.

नवं अन्न आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत आणा. दाण्यांची सवय लागलेलं मांजर हट्टाने उपाशी बसतं, आणि जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. पाऊच अजिबात खात नसेल तर कमी कर्बोदकांचं, मधुमेहासाठीचं ड्राय फूड मोजून द्यावं. त्यात पिष्ट पाऊचपेक्षा जास्तच असतं, पण मांजर खातं आणि इन्सुलिन त्यानुसार बसवता येतं.