हब बेअरिंग जाम का होते: फुगणाऱ्या गंजाचे गणित

मोटारीच्या चाकाचे बेअरिंग घरघरू लागले की ते बदलावे लागते, हे गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. मात्र सगळे बोल्ट काढून झाल्यावरही ते बेअरिंग जागचे तसूभर हलत नाही, तेव्हा एकच ठरलेले निदान ऐकू येते: गंजाने चिकटले आहे. उपायही ठरलेला असतो. गंज विरघळवणारा स्प्रे भरपूर मारावा, थोडे थांबावे आणि जोर लावून ओढावे. या निदानातला ‘चिकटले’ हा शब्दच चुकीचा आहे, आणि म्हणून त्यावरचा उपाय बहुतेक वेळा फसतो. गंज दोन भागांना चिकटवत नाही. तो त्यांच्यामध्ये फुगून बसतो, आणि हा फरक एकदा नीट कळला की कुठली युक्ती का चालते हे आपोआप उलगडते.

आजच्या अनेक गाड्यांत बेअरिंग आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग, मिळून एकच बंदिस्त तुकडा असतो. त्याच्या पाठीमागची गोल मान स्टीअरिंग नकलमधल्या, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या ओतीव भागातल्या, बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, बसते आणि तिथे सहसा तीन किंवा चार बोल्टांनी आवळलेली असते. नवेपणी ही मान हाताने आत सरकते, कारण दोन पृष्ठभागांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी फट ठेवलेली असते. एवढ्या अरुंद फटीत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते आणि बाहेरून सारे कोरडे ठणठणीत दिसत असतानाही आत टिकून राहते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ किंवा समुद्रकाठची खारी हवा त्यात मिसळली, की या पाण्यातून वीज चांगली वाहू लागते आणि गंजाची सगळी सिद्धता पूर्ण होते.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण शाळेत शिकतो. त्यावरून असे वाटेल, की जिथे ऑक्सिजन भरपूर तिथेच लोखंड जास्त झिजत असेल. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका साध्या प्रयोगाने याच्या उलट घडते हे दाखवून दिले. त्यांनी पोलादाच्या स्वच्छ पृष्ठभागावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि त्यात दोन दर्शके मिसळली: लोहाचे आयन सुटले तर एक निळे होते, आणि पाणी अल्कधर्मी झाले तर दुसरे गुलाबी होते. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कडा गुलाबी झाली. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, म्हणून तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेत राहतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून येतात मध्यभागाकडून, जिथे ऑक्सिजन कमी आहे, आणि त्या बदल्यात लोखंड तिथेच विरघळते. हब आणि नकल यांच्यातली फट म्हणजे हाच प्रयोग आहे, फक्त तो वर्षानुवर्षे चालतो. लोखंड आत विरघळते, त्याचे आयन फटीच्या तोंडाकडे सरकतात आणि तिथे ऑक्सिजन भेटल्यावर गंजाच्या रूपाने साचतात. त्यातच क्लोराइड आयन आत ओढले जातात, आतले पाणी आम्लधर्मी होते आणि विरघळण्याचा वेग आणखी वाढतो. जाम झालेला हब बाहेर काढून त्याची मान पाहिली, तर पुष्कळदा तोंडाजवळ नारिंगी-तपकिरी पापुद्र्यांचे जाड कडे दिसते आणि आत खोलवर, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोहोचला, तिथे मॅग्नेटाइट या लोखंडाच्या काळसर ऑक्साइडचा पातळ थर असतो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे फुगणे. लोखंडाचा एक मोल म्हणजे ५५.८ ग्रॅम, त्याची घनता ७.८७ असल्यामुळे तो सुमारे ७.१ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. त्याच लोखंडाचे गोएथाइट, म्हणजे नेहमीच्या गंजातला जलयुक्त ऑक्साइड, झाले तर वजन ८८.९ ग्रॅम होते आणि घनता ४.३ च्या आसपास येते. भागाकार केला, की आकारमान सुमारे २०.७ घन सेंटिमीटर निघते. म्हणजे लोखंड गंजताना जवळजवळ तिप्पट जागा मागते. गंजात सूक्ष्म पोकळ्या असतात हे लक्षात घेतले, तर प्रत्यक्षातली वाढ याहूनही जास्त असते. धातू आणि त्याचा ऑक्साइड यांच्या आकारमानांच्या या गुणोत्तराकडे पिलिंग आणि बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये लक्ष वेधले आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नकल ॲल्युमिनियमची असेल तर पोलादाच्या संगतीत ॲल्युमिनियमच आधी झिजते, आणि त्याचा पांढरा हायड्रॉक्साइडही मूळ धातूच्या तिपटीहून थोडी अधिक जागा घेतो. रंग बदलला, तरी पाचर तीच.

या पाचरीचा जोर किती असेल, याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, बोअरचा व्यास ८० मिलिमीटर आहे, मानेची लांबी २० मिलिमीटर आहे आणि त्याभोवती ओतीव भागाची कडी ११० मिलिमीटर बाह्य व्यासाची आहे. फट भरून गेल्यानंतर गंजाने प्रत्येक बाजूला आणखी फक्त ०.०१७ मिलिमीटर जागा मागितली, तर लवचिकतेच्या सूत्रांनुसार पृष्ठभागावर सुमारे २० मेगापास्कल दाब येतो, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. संपर्काचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे दाबणारे एकूण बल १,००,००० न्यूटन झाले. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तरी मान बाहेर ओढायला २०,००० न्यूटन, अर्थात दोन टन वजनाएवढा जोर लागेल. आणि हे जादाचे ०.०१७ मिलिमीटर मिळवायला किती लोखंड खर्ची पडले? लोखंड तिप्पट फुगते, त्यातले एक पट त्याच्याच रिकाम्या झालेल्या जागेत जाते आणि दोन पट जादा उरते. म्हणजे जेमतेम साडेआठ मायक्रॉन. गंज थोडा दबतो, हबही पूर्ण भरीव नसतो, त्यामुळे खऱ्या हबमध्ये आकडे मागेपुढे होतील, पण त्यांचा आवाका असाच राहतो.

हा जोर केवळ गाड्यांपुरता नाही. ग्रीसमधल्या पार्थेनॉनच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत निकोलाओस बालानोस यांनी संगमरवराचे तुकडे जोडण्यासाठी उघड्या लोखंडी आकड्या वापरल्या. त्या गंजून फुगल्या आणि त्यांनी संगमरवर फोडला. पुढच्या जीर्णोद्धारात त्या काढून टायटेनियमच्या बसवाव्या लागल्या. मूळ बांधकाम करणाऱ्या प्राचीन कारागिरांनी मात्र आपल्या लोखंडी आकड्यांभोवती शिसे ओतले होते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात २८ जून १९८३ रोजी मायानस नदीवरच्या पुलाचा एक गाळा कोसळला आणि तिघांचा जीव गेला, त्यामागेही सांध्यातल्या पिनेजवळ साचलेल्या गंजाने लोखंडी पट्टीला बाजूला ढकलत नेणे हेच कारण होते.

अशा दाबाखालच्या गंजावर स्प्रे मारून काय साधते? हा स्प्रे म्हणजे पेनिट्रेटिंग ऑइल, फटींत झिरपणारे तेल, आणि ते गंज विरघळवत नाही. ते पातळ असते, त्याचा पृष्ठताण कमी असतो, म्हणून ते उघड्या पोकळ्यांतून आत झिरपते आणि घर्षण कमी करते. पण झिरपण्याचे अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे वॉशबर्न यांचे १९२१ चे सूत्र आहे. दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो, आणि गच्च भरलेल्या फटीत वाटच शिल्लक नसते. तेलाचा खरा उपयोग सांधा किंचित हलू लागल्यावर होतो, कारण तेव्हा गंजाला तडे जाऊन वाटा उघडतात. कोला ओतून हब सुटल्याचे व्हिडिओ आवडीने पाहिले जातात. त्यातले सौम्य फॉस्फोरिक आम्ल उघड्यावरचा गंज हळूहळू खाते हे खरे असले, तरी दाबाखाली बंद झालेल्या फटीपर्यंत ते पोहोचत नाही. गाडीत बसवून गंज रोखण्याचे आश्वासन देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यांबद्दल तर स्पष्टच बोलायला हवे. विजेने धातूचे रक्षण करण्याची कल्पना हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी मांडली आणि ती आजही जहाजांवर व जमिनीतल्या नळांवर उत्तम चालते, कारण तिथे धातू सलग पाण्यात किंवा ओल्या मातीत असतो आणि विजेचे वर्तुळ पूर्ण होते. हवेत धावणाऱ्या गाडीला असे सलग माध्यम मिळत नाही, त्यामुळे तो डबा विकणे म्हणजे विज्ञानाचे नाव घेऊन केलेली फसवणूक आहे.

मग सांधा सोडवायचा कसा? गंज दाबाला दणकट असला तरी ताणाला आणि कातरबलाला ठिसूळ असतो, म्हणून कसलेला मेकॅनिक हब आधी ओढत नाही, फिरवतो. बोल्ट काढल्यावर हबच्या पसरट कडेच्या, म्हणजे फ्लँजच्या, कानावर बाजूने घाव घातले, की गोल मान गोल बोअरमध्ये एक-दोन अंश फिरते आणि गंजाचा थर कातरला जातो. यामागे घर्षणाचा एक सुंदर गुण आहे. घर्षणाचे बल नेहमी प्रत्यक्ष घसरण्याच्या दिशेच्या विरुद्ध असते. मान गोल फिरत असली, तर जवळजवळ सगळे घर्षण त्या फिरण्याला विरोध करण्यात गुंतते आणि बाहेर ओढण्याच्या दिशेला त्याचा अगदी थोडा अंश उरतो. बाटलीचे घट्ट बूच पिळत काढले की सहज निघते, ते याचमुळे.

घाव कसा घालावा, यातही विज्ञान आहे. दोन किलोचा हातोडा सेकंदाला ५ मीटर वेगाने आदळला आणि अर्ध्या मिलिसेकंदात थांबला, तर त्या क्षणापुरते सरासरी बल २०,००० न्यूटन होते, म्हणजे आपण वर काढलेल्या दोन टनांएवढे. तोच घाव रबरी हातोड्याने घातला आणि थांबायला ५ मिलिसेकंद लागले, तर बल दहापट घटून २,००० न्यूटनवर येते. दर घावाला फ्लँजच्या कडेने तपकिरी भुकटीची बारीक रेघ बाहेर पडू लागली, की गंजाचा थर तुटत आहे असे समजावे आणि तेल मारण्याची तीच वेळ असते. बेअरिंगचे पोलाद फार कठीण असते आणि त्याच्या उडणाऱ्या कपच्या डोळा कायमचा निकामी करू शकतात, त्यामुळे सुरक्षा-चष्म्याशिवाय हातोडा उचलू नये आणि कठीण कड्यावर थेट घाव घालू नये.

उष्णता ही त्याहून हुशार युक्ती आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाख भागांमागे सुमारे १२ भागांनी वाढते. ८० मिलिमीटरच्या बोअरचे तापमान आतल्या मानेपेक्षा केवळ ३५ अंशांनी जास्त झाले, की बोअरचा व्यास ०.०३४ मिलिमीटरने मोठा होतो, आणि वर गंजाने दोन्ही बाजू मिळून नेमकी तेवढीच जागा मागितली होती. म्हणून नकल बाहेरून, झपाट्याने आणि सर्व बाजूंनी तापवायची असते. सावकाश तापवली तर उष्णता आतही पोहोचते आणि दोन्ही भाग एकत्रच फुगतात. शिवाय २५० ते ३०० अंशांच्या आसपास गोएथाइटमधले पाणी निघून जाते आणि त्याचे हेमेटाइट होते, जे सुमारे पाव हिश्शाने कमी जागा व्यापते. पाचर स्वतःच आकसते. एवढे तापमान फक्त ओतीव लोखंडाच्या किंवा पोलादाच्या नकलला चालते. ॲल्युमिनियमची नकल १५० अंशांच्या पुढे गेली तर तिची ताकद कमी होऊ लागते, पण ती पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगत असल्यामुळे तिला तेवढ्या तापमानाची गरजही नसते. जवळचे रबरी बूट, म्हणजे सांध्यांवरची रबरी आवरणे, ब्रेकचा नळ आणि चाकाच्या गतीचा सेन्सर आधी बाजूला करावेत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत कधीही नेऊ नये, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

कधीकधी हब ओढताना बेअरिंगचेच दोन तुकडे होतात: फ्लँज हातात येते आणि बाहेरचे कडे बोअरमध्ये अडकून राहते. इथे वेल्डिंग करणारे जी युक्ती वापरतात, ती मला या साऱ्यात सर्वांत देखणी वाटते. कड्याच्या आतल्या पृष्ठभागावर गोलाकार वेल्डचा एक पट्टा ओढतात. तापलेल्या कड्याला फुगायचे असते, पण भोवतालची थंड नकल त्याला जागा देत नाही. तापलेले पोलाद मऊ झालेले असल्यामुळे ते जागच्या जागी कायमचे दबते. थंड होताना ते आकसते ते या दबलेल्या अवस्थेपासून, आणि वितळून भरलेला वेल्डही सोबत आकसतो, त्यामुळे कडे मूळ मापापेक्षा लहान होते. जे कडे घणाला दाद देत नव्हते, ते पुष्कळदा हाताने निघते. त्याआधी बॅटरी सोडवलेली असावी आणि अर्थिंगचा चिमटा शक्य तितका जवळ लावावा.

नवे बेअरिंग बसवण्यापूर्वी बोअर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करावा, कारण राहिलेला पापुद्रा फ्लँज तिरकी बसवतो. मानेवर अँटी-सीझचा, म्हणजे भाग जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा, पातळ हात द्यावा, म्हणजे फटीत पाण्याला जागाच उरत नाही. बोल्टांच्या आट्यांवर मात्र कंपनीने सांगितले असेल तरच तो लावावा, कारण घर्षण कमी झाले की त्याच टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या तेवढ्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो. नवा हब ठोकून बसवू नये. घावाचा जोर बेअरिंगमधल्या गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर खळगे पाडतो. एक्सलचा नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला पूर्ण आवळेपर्यंत गाडीचे वजन त्या चाकावर टाकू नये, कारण पुष्कळ जोडण्यांत आतली दोन कडी एकमेकांवर दाबून धरण्याचे काम तोच नट करतो.