जहाजाच्या नाळेवरची मूर्ती बाईचीच असे?

नामधारी प्रमुखासाठीचा इंग्रजी शब्द ‘फिगरहेड’ जहाजाच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या लाकडी मूर्तीवरून आला. सगळ्यांच्या पुढे, पण सुकाणूशी संबंध शून्य. इथवर बरोबर. मात्र ती मूर्ती कायम जलपरीची किंवा बाईचीच असे, हा गैरसमज. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेल्या स्वीडिश युद्धनौका ‘वासा’वर झेपावणारा सिंह होता. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेवर राजचिन्ह. बाईच हवी तर १८६९ चं ‘कटी सार्क’ जहाज बघा: चेटकीण, मुठीत घोडीची शेपूट!

आणि नामधारी माणूस लाकडासारखा गप्प बसतोच असंही नाही. १९९० मध्ये बेल्जियमचे राजे बोदुआँ गर्भपाताच्या कायद्यावर सही करेनात. मंत्रिमंडळानं त्यांना राज्य करण्यास असमर्थ ठरवून स्वतः सही केली. दीडेक दिवसात राजे पुन्हा गादीवर.