एक फिगर की एक पान: प्लॉटलीतल्या दोन वाटा

कोयनेच्या पाणलोटातला रोजचा पाऊस आणि धरणातला साठा, दोन्ही आलेख एकाच पानावर हवे आहेत. पावसाचा अक्ष मिलिमीटरमध्ये, साठ्याचा टीएमसीत म्हणजे अब्ज घनफुटांत, वर जास्तीत जास्त 105.25 पर्यंत. पायथनमध्ये प्लॉटली ही आलेख काढायची लायब्ररी वापरणाऱ्यापुढे इथे दोन वाटा असतात. दोन्हींनी ब्राउझरमध्ये दिसतं ते जवळपास सारखंच, एकाखाली एक दोन आलेख. म्हणूनच नवशिक्यांचा गोंधळ होतो.

'मेक_सबप्लॉट्स' वापरलं, तर फिगर, म्हणजे प्लॉटलीचं अख्खं चित्र, एकच असते आणि तिच्या पोटात खण पाडलेले असतात. 'टू_एचटीएमएल' वापरलं, तर प्रत्येक आलेखाची फिगर वेगळी राहते. तिचा एचटीएमएल तुकडा काढून ते तुकडे आपण पानात जोडतो.

फरक कळतो तो माऊस ओढल्यावर. सबप्लॉटमध्ये 'शेअर्ड_एक्सॲक्सेस' चालू असेल, तर वरच्या पावसात जुलैचा एक आठवडा मोठा करून पाहताच खालचा साठाही त्याच आठवड्यावर येतो. मुसळधार पाऊस झाल्यावर साठा किती दिवसांनी चढला, हे तिथल्या तिथे दिसतं. वेगळ्या फिगरींना एकमेकींचा पत्ताच नसतो. जावास्क्रिप्टमध्ये 'प्लॉटली_रिलेआउट' हा इव्हेंट पकडून त्यांना जोडता येतं, पण मग दुसरी फिगरही तोच इव्हेंट पाठवते आणि दोघी एकमेकींना हलवत राहतात. ते चक्र तोडायची अटही आपल्यालाच लिहावी लागते. तारखांचा अक्ष सामायिक असेल, तर या खटाटोपात पडू नका, सरळ सबप्लॉट घ्या.

सबप्लॉटच्या अडचणी वेगळ्या. प्लॉटली एक्सप्रेस, म्हणजे प्लॉटलीचाच झटपट आलेख काढून देणारा भाग, तयार फिगर देतं, आणि ती जशीच्या तशी खणात बसत नाही. तिच्या 'डेटा'तले ट्रेस, म्हणजे एकेक रेषा किंवा स्तंभांचा संच, एकेक करून 'ॲड_ट्रेस'ने घालावे लागतात. शीर्षक, अक्षांची नावं मागेच राहतात. लेजंड, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणारी यादी, सगळ्यांची मिळून एकच होते. पाय चार्ट घालायचा, तर त्या खणाचा प्रकार 'डोमेन' असल्याचं आधीच सांगावं लागतं, नाहीतर एरर येते. शेजारी शेजारी खण केले असतील, तर मोबाइलवर ते खाली सरकत नाहीत, नुसते चेंगरतात.

म्हणून वीज आणि सिंचनासाठी सोडलेल्या पाण्याचा पाय चार्ट मी त्याच पानावर, पण वेगळ्या फिगरमध्ये ठेवेन. त्याला तारखेचा अक्षच नाही. सीएसएस ग्रिडमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या चौकटीत, तो मोठ्या स्क्रीनवर शेजारी राहतो आणि फोनवर खाली उतरतो. दोन्ही वाटा एका पानावर सुखाने नांदतात.

तुकडे जोडताना मात्र एक चूक फार होते. 'टू_एचटीएमएल' नुसतं चालवलं, तर दरवेळी अख्खं पान मिळतं आणि त्यात प्लॉटलीची जावास्क्रिप्ट लायब्ररीही भरलेली असते, तीन एमबीहून जास्त. चार आलेखांत ती चारदा येते. ब्राउझर मुकाट्याने सगळं दाखवतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. 'फुल_एचटीएमएल' फॉल्स करा, आणि 'इन्क्लूड_प्लॉटलीजेएस' फक्त पहिल्या तुकड्यात चालू ठेवून बाकीच्यांत फॉल्स करा. पहिल्यात 'सीडीएन' लिहिलंत तर लायब्ररी फाइलमध्ये न भरता नेटवरच्या सर्व्हरवरून येते आणि फाइल हलकी होते, पण उघडताना नेट लागतं. धरणावर रेंज नसलेल्या ठिकाणी फाइल पाहिली जाणार असेल, तर ते तीन एमबी आतच असू द्या.